लॅब असिस्टंट म्हणून नव्याने रुजू होताना: बेल वाजण्याआधीची कामं

रसायनाच्या लॅबमध्ये मुलं असतात तेव्हा सर किंवा मॅडमही समोर असतात. खरी जोखमीची कामं त्याआधी, तयारीच्या खोलीत, बहुतेक वेळा एकट्याने करावी लागतात. नव्या माणसाने आधी ती शिकून घ्यावीत.

सल्फ्युरिक ॲसिड डायल्यूट करण्यापासून सुरुवात करू. 1 मोलरचं (म्हणजे लिटरमागे 1 मोल ॲसिड असलेलं) 1 लिटर द्रावण करायचं तर कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड साधारण 55 मिली लागतं. मोठ्या बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) बीकरमध्ये 700 मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात काचकांडीने ढवळत ॲसिडची बारीक धार सोडा. बीकर हाताला चटका बसण्याइतका तापला, तर थांबा. पूर्ण गार झाल्यावरच 1 लिटरपर्यंत पाणी भरा. उलटं, म्हणजे ॲसिडवर पाणी ओतलं, तर पाणी हलकं असल्यामुळे वरच राहतं, तिथेच उकळतं आणि ॲसिडसकट तोंडावर उडतं. घाईत काही जण हे काम थेट मेजरिंग सिलिंडरमध्ये किंवा रीएजंटच्या बाटलीत उरकतात. ती जाड काच अशा उष्णतेने तडकते आणि सगळं ॲसिड टेबलावर येतं.

ॲसिडची अडीच लिटरची बाटली नुसती मानेला धरून उचलू नका, एक हात बुडाखाली हवाच. ती ठेवायची सर्वांत खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. नायट्रिक ॲसिड आणि स्पिरिट शेजारी-शेजारी नकोत, कपाट कितीही लहान असलं तरी.

लिकर अमोनियाची (पाण्यात विरघळवलेल्या तीव्र अमोनियाची) बाटली एप्रिल-मेमध्ये जपून उघडा. उन्हाळ्यात आत वायूचा दाब वाढतो आणि बूच काढताच फवारा उडतो. आधी बाटली गार पाण्यात थोडा वेळ ठेवा, चष्मा लावा, तोंड बाजूला ठेवा, खिडक्या उघडा.

टॉलेन्स रीएजंटबद्दल मात्र कडक राहा. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं हे द्रावण उद्यासाठी शिल्लक ठेवायचं नाही. ठेवलं तर त्यात काळा, स्फोटक साका तयार होऊ शकतो, आणि तो बाटली हलवण्यानेही फुटू शकतो. लागेल तेवढंच, ऐन वेळी करा. उरलेलं त्याच दिवशी डायल्यूट नायट्रिक ॲसिड घालून आम्लधर्मी करा आणि चांदीच्या वेस्टच्या बाटलीत टाका.

काचेची नळी रबरी बुचात घालताना हात कापतो तो जोर लावल्यामुळे. नळीला ग्लिसरीन लावा, हाताभोवती जाड फडकं गुंडाळा, नळी बुचाच्या अगदी जवळ धरा आणि हळूहळू फिरवत आत सरकवा.

स्पिरिट लॅम्प दोन-तृतीयांशच भरा, तोही विझवून गार झाल्यावर. दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पेटता लॅम्प विझलेला समजून स्पिरिट ओतलं जातं. विझवताना टोपी ठेवा, फुंकर नको.

त्वचेवर ॲसिड उडालं तर लगेच नळाखाली, निदान 20 मिनिटं. वर सोड्याचं पाणी किंवा मलम चोळू नये, ॲसिड आधी वाहून जाऊ द्यावं. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ धुवायचं आणि लगोलग दवाखाना गाठायचा. म्हणूनच सकाळी लॅब उघडल्यावर आधी सगळे नळ सोडून बघा. टाकी रिकामी असेल, तर त्या दिवशी ॲसिडचं प्रॅक्टिकल होणार नाही असं सरांना स्पष्ट सांगा.