चायनीज फॉर्म्युल्यांची नावं घोकू नका, फोडून वाचा

चायनीज हर्बल फॉर्म्युले शिकायला घेतले की आधी नावांचाच डोंगर समोर येतो आणि बरेच जण फ्लॅशकार्ड करून घोकत बसतात. तसं करू नका प्लीज. नाव शेवटाकडून वाचायला घ्या. शेवटी थांग असेल तर काढा, सान म्हणजे चूर्ण, वान म्हणजे गोळी (आता थांगवाले बरेच फॉर्म्युले ग्रॅन्युल्सच्या पुडीतही मिळतात, नाव मात्र तेच).

मग पुढचा भाग. मा ह्वांग थांग सोपं आहे, मा ह्वांग (एफेड्रा ही वनस्पती) हेच मुख्य औषध. बीएएमएस करून आलेल्यांना सितोपलादि चूर्ण आठवेल (सितोपला म्हणजे खडीसाखर), तीच पद्धत. आकडा दिसला तर मात्र जपून. ल्यू वेइ ती ह्वांग वानमध्ये सहा घटक आहेत म्हणून नावात सहा, पण ल्यू यी सान म्हणजे सहा-एक, आणि त्यात घटक दोनच, टाल्क सहा भाग आणि ज्येष्ठमध एक भाग, म्हणजे नावातच प्रमाण दिलंय.

मला सगळ्यात आवडतं ते पाय हू थांग, पांढरा वाघ. इसवी सन 200 च्या आसपास चांग चुंगचिंग या वैद्याने लिहिलेल्या शांग हान लुन या ग्रंथातलं. पांढरा वाघ हा पश्चिमेचा आणि शरद ऋतूचा राखणदार, आणि तिकडचा शरद म्हणजे गार वारा, आपली ऑक्टोबर हीट नव्हे, तर उन्हाळा जसा शरद आला की ओसरतो तसा या काढ्याने सणसणीत ताप, घाम, तहान ओसरावी ही कल्पना. आत काय, तर जिप्सम, च मू नावाचं मूळ, ज्येष्ठमध आणि चक्क तांदूळ! एकदा हे कळलं की परीक्षेच्या पेपरात वाघ दिसला की लक्षणं आपोआप आठवतात.

पण नावावर सगळा भरवसा टाकू नका हे फार मनापासून सांगतेय. लुंग तान श्ये कान वान या नावात मुख्य औषध (लुंग तान) आहे, यकृतातली उष्णता काढायचं काम (श्ये कान) आहे, गोळी आहे, पण आतल्या मू थुंग या वनस्पतीबद्दल एक अक्षर नाही. त्या मू थुंगच्या जागी क्वान मू थुंग ही दुसरीच वनस्पती वापरली जायची, तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडने लोकांच्या किडन्या गेल्या आणि 2003 मध्ये चीनने तिच्यावर बंदी घातली. त्यामुळे नाव फोडून झालं की लगेच घटकांची यादी उघडा आणि प्रत्येक वनस्पतीचं लॅटिन नाव वहीत शेजारी लिहून ठेवा.