थंडीत केस रंगवताय? या चुका टाळा

हवेत गारवा आला की पार्लरमध्ये येणाऱ्यांची मागणी ठरलेली असते: "थोडा डार्क, थोडा रिच दिसेल असा कलर करा, पण सारखं टच-अपला यायला लावू नका." मागणी अगदी रास्त आहे. थंडीत केस आधीच कोरडे असतात, टोपी-स्कार्फने घासले जातात, आणि दर तीन आठवड्यांनी डोकं ओलं करून खुर्चीत बसायचं जिवावर येतं. घोळ होतो तो शेड निवडताना. रंग केला त्या दिवशी केस कसे दिसतील एवढंच बघितलं जातं. मी बघते ते सहा आठवड्यांनी भांगात काय दिसेल. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे दीड महिन्यात भांगाच्या दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन सेंटीमीटर मूळ रंग वर आलेला असतो. तो मूळ रंग आणि तुम्ही केलेला रंग एकमेकांत मिसळून जात असतील, तरच ती शेड कमी देखभालीची.

थंडी आली म्हणून काळाभोर रंग

ही चूक मी दर हिवाळ्यात बघते आणि दर वेळी तितकीच हळहळते. गडद रंग हवाय ना, मग थेट काळा आणायचा आणि मुळापासून टोकापर्यंत लावून टाकायचा. लावायला तो सोपा आहेच, पण काढायला त्याच्याइतका हट्टी रंग दुसरा नाही.

एक मुलगी आली होती. डोक्यावरची लोकरी टोपी काढायला तयारच नव्हती. आधी मला सगळं सांगून घेतलं, मग टोपी काढली. भांगाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर रुंदीचा झगझगीत नारिंगी पट्टा, आणि त्याच्याखाली खांद्यापर्यंत ठार काळे केस. तिचे मूळचे केस छान मध्यम तपकिरी होते. थंडीच्या सुरुवातीला तिने घरी काळा रंग लावला, पुढच्या टच-अपला पुन्हा सगळ्या केसांना लावला. दोन महिन्यांत चेहरा ओढलेला दिसतोय असं वाटायला लागलं, म्हणून चेस्टनट (लालसर तपकिरी) शेडचं पॅकेट आणून काळ्यावर चढवलं. मुळं नारिंगी झाली, काळा जागचा हलला नाही. मग दुसऱ्याच दिवशी तेच पॅकेट पुन्हा, या वेळी जास्त वेळ ठेवून. टाळूची आग झाली आणि मुळं आणखी भडक झाली.

यामागचं कारण प्रत्येकाने पाठ करून ठेवावं असं आहे. परमनंट कलर डेव्हलपरच्या (रंगात मिसळायच्या पेरॉक्साइडच्या द्रावणाच्या) मदतीने केसातलं नैसर्गिक रंगद्रव्य थोडंफार उजळवू शकतो, पण आधी भरलेला कृत्रिम रंग त्याला उजळवता येत नाही. म्हणून तिच्या नव्याने उगवलेल्या केसांवर शेड चढली, काळ्या केसांवर काहीच झालं नाही. त्यात टाळूच्या उबेमुळे मुळांजवळ रंगाची क्रिया वेगाने होते, म्हणून तिथे तो जास्तच उजळला.

मी तिच्या मुळांना न्यूट्रल, म्हणजे लालसरही नाही आणि राखाडीही नाही असा, गडद तपकिरी देऊन नारिंगी आधी शांत केलं, म्हणजे ती टोपीशिवाय बाहेर पडू शकेल. काळा मात्र एका बैठकीत काढायला मी साफ नकार दिला. कलर रिमूव्हर, मधे काही आठवड्यांची विश्रांती, थोडी टोकं कापणं, पुन्हा थोडं उजळवणं असं करत तो उन्हाळ्यापर्यंत खाली सरकला. "आजच्या आज होणार नाही का?" हे तिने दर वेळी विचारलं आणि माझं उत्तर दर वेळी तेच होतं. एका दिवसात काळ्याचा तपकिरी करून देतो असं कुणी सांगितलं, तर तुमच्या केसांचं काय होणार हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नसतो.

गडद हवाच असेल तर स्वतःच्या रंगापेक्षा एक, फार तर दोन लेव्हल गडद जा, त्यापुढे नको. बहुतेक कंपन्यांच्या चार्टमध्ये 1 म्हणजे काळा आणि 10 म्हणजे अगदी फिकट ब्लाँड. तुमचा मूळ रंग 5 असेल तर 4 पुरेसा आहे. थंडीतल्या मंद उजेडात आणि घरातल्या दिव्यांखाली 3 किंवा 4 नंबरचा गडद तपकिरी जवळजवळ काळाच दिसतो, पण उन्हात गेलात की त्याला ऊब असते. आणि परमनंटऐवजी डेमी-परमनंट घ्या. तो साधारण वीस-चोवीस धुण्यांमध्ये हळूहळू फिका होत जातो, त्यामुळे मुळांशी ठळक रेघ पडत नाही. पुढे मन बदललं तरी वाट मोकळी राहते.

गडद केसांवर राखाडी छटा, तीही "मेंटेनन्स नको" म्हणून

ॲश ब्राऊन, मशरूम ब्राऊन, स्मोकी अमुक-तमुक. फोटोत या शेड फार देखण्या दिसतात आणि थंडीच्या कपड्यांवर शोभतातही. पण ज्यांना पार्लरला वारंवार जायचं नाही, त्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गडद केस उजळवायला घेतले की आतून आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळा रंग वर येतो. हे प्रत्येक गडद केसात असतंच, तुमच्या केसांचा दोष नव्हे. राखाडी छटा म्हणजे त्या उष्ण रंगावर निळ्या-जांभळ्या रंगद्रव्याचं पातळ आवरण. ते आवरण बहुतेक वेळा टोनरचं, म्हणजे फक्त छटा बदलणाऱ्या हलक्या रंगाचं असतं आणि चार-सहा आठवड्यांत धुऊन जातं. मग खालचा नारिंगी उघडा पडतो आणि लोक म्हणतात रंग "खराब झाला". खराब काही होत नाही, आत होतं तेच बाहेर येतं.

यानंतरची ठरलेली चूक म्हणजे जांभळा शाम्पू. जांभळा रंग पिवळ्याला मारतो, नारिंगीला नाही. नारिंगीला निळा लागतो. तपकिरी केसांवर महिनाभर जांभळा शाम्पू चोळून "काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी हेच सांगते.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. थंडीत त्वचा कोरडी पडते, बऱ्याच जणांचा चेहरा निस्तेज दिसतो. अशा चेहऱ्याभोवती थंड राखाडी रंग आला की डोळ्यांखालची काळी वर्तुळं आधी दिसतात. काही जणींना ॲश फार सुंदर दिसतो, हे मी नाकारत नाही, पण त्यांनी टोनरच्या फेऱ्या मनापासून मान्य केलेल्या असतात.

मी त्याऐवजी चेस्टनट, चॉकलेट ब्राऊन, हलकासा सोनेरी तपकिरी सुचवते. मुळं स्वतःच्याच रंगाची ठेवायची, आणि कानाच्या खालून पुढे, चेहऱ्याच्या कडेने, मोजक्या बटा दोन लेव्हल उजळ करायच्या. बालायाज पद्धतीने, म्हणजे मोकळ्या हाताने बटांवर रंग फिरवून केलं तर बटेची सुरुवात पुसट असते, सरळ रेघेत उगवून येणारं काही नसतं. मुख्य फायदा असा की हा रंग फिका होतो तेव्हाही उबदार तपकिरीकडेच जातो. तुम्ही निवडलेली दिशा आणि केसांची स्वाभाविक दिशा एकच असते. तीन-चार महिने तुम्ही निवांत असता.

शेड कुठे बघता?

पॅकेटवरचा चेहरा बघून शेड घेऊ नका. मागे किंवा बाजूला छोटा तक्ता असतो, "आधीचा रंग असा असेल तर परिणाम असा" सांगणारा. तो बघा. तुमचे केस त्या तक्त्यातल्या सगळ्यात गडद चौकोनापेक्षाही गडद असतील तर ते पॅकेट तुमच्यासाठी नाही. फोटो दाखवणार असाल तर फिल्टर नसलेला आणि दिवसाच्या उजेडातला दाखवा.

माझी सवय सांगते. मी गिऱ्हाइकाला खिडकीशी नेते, गळ्याभोवती पांढरा टॉवेल गुंडाळते आणि शेडची बट गालाशी धरते. आरशावरच्या पिवळ्या दिव्यात ठरवलेला रंग बाहेर पडल्यावर वेगळाच दिसतो. मग भुवया बघते. केस भुवयांपेक्षा दोन लेव्हलहून जास्त फिके गेले की रंग डोक्यावर ठेवल्यासारखा वाटतो. आणि रोज गळ्याशी जे असतं ते, म्हणजे स्वेटर किंवा स्कार्फ, सोबत आणायला सांगते. पुढचे काही महिने चेहऱ्याच्या सर्वांत जवळ तोच रंग असणार असतो.

पॅच टेस्ट टाळणं

यावर मी वाद घालत नाही. रंग लावण्याच्या 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघायचा. खाज, लाली, सूज आली तर तो रंग लावायचा नाही. गडद परमनंट शेडमध्ये पीपीडी नावाचं रसायन बऱ्याचदा असतं आणि त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षं रंग लावणाऱ्यालाही अचानक सुरू होऊ शकते. पूर्वी कधी कातडीवर "काळी मेंदी" काढून फोड आले असतील तर जास्तच जपा, कारण त्यातही अनेकदा पीपीडीच असतं. "अमोनिया-फ्री" लिहिलंय म्हणून टेस्ट नको, हा समज चुकीचा आहे. अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं. ज्यांना दोन दिवस थांबायची घाई सोसत नाही, त्यांचं काम मी घेत नाही.

प्रत्येक वेळी मुळापासून टोकापर्यंत

टच-अप म्हणजे फक्त उगवलेल्या भागाचा. टोकं आधीच जुनी आणि सच्छिद्र असतात, ती रंग जास्त शोषतात. दर वेळी परमनंट कलर टोकांपर्यंत ओढलात तर मुळं तपकिरी आणि टोकं काळपट, निर्जीव होतात. टोकांची चमक गेली असेल तर ग्लॉस (चमक देणारा हलका रंग) किंवा डेमी-परमनंट शेवटची काही मिनिटं द्या, तेवढं पुरतं.

छोट्या चुका, पण महागात पडणाऱ्या

लवकर व्हावं म्हणून 40 व्हॉल्यूमचा डेव्हलपर घरी वापरू नका. त्यात 12 टक्के पेरॉक्साइड असतं. स्वतःच्या रंगाच्या आसपास राहायचं असेल तर 10 किंवा 20 व्हॉल्यूम, म्हणजे 3 किंवा 6 टक्के, पुरेसं आहे.

आधी कधी मेंदी किंवा कसली पावडर लावली असेल तर ते लपवू नका. शुद्ध मेंदीचा प्रश्न वेगळा, पण काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात आणि त्यांच्यावर पेरॉक्साइड किंवा ब्लीच पडलं की केस तापून तुटू शकतात. शंका आली की मी मानेजवळची बारीक बट कापून तयार मिश्रणात बुडवून बघते. बट गरम झाली किंवा फेसाळली तर त्या दिवशी रंग नाही.

लाल रंग थंडीत फार खुलतो, पण सगळ्यात आधी तोच उतरतो. पांढरे स्कार्फ आणि उशीचे अभ्रे सांभाळा, आणि त्याला कमी देखभालीचा म्हणू नका.

पांढऱ्या केसांवर फॅशन शेड

पांढऱ्या केसात स्वतःचं रंगद्रव्य नसतं. त्यामुळे जी तांबूस शेड बाकी केसांवर खोल दिसते, तीच पांढऱ्यावर भडक दिसते. म्हणून ती शेड त्याच लेव्हलच्या न्यूट्रल शेडमध्ये मिसळून लावायची. पांढरे केस थोडेच असतील तर ते पूर्ण झाकायच्या मागे लागू नका. डेमी-परमनंटने ते हलक्या बटांसारखे मिसळून जातात. निम्म्याहून जास्त असतील तर गडद रंगाचा हट्ट सोडा. गडद रंगाखाली पांढरी मुळं दोन आठवड्यांत डोळ्यांत भरतात, तर लेव्हल 6-7 च्या तपकिरीत आणि बारीक हायलाइट्समध्ये ती बराच काळ कळत नाहीत.

रंग चांगला, धुणं वाईट

थंडीत कडकडीत पाण्याने डोक्यावरून न्हायचा मोह सगळ्यांना होतो. रंग लवकर जाण्याचं हे फार मोठं कारण आहे. अंगाला हवं तेवढं गरम घ्या, केसांना कोमट. रंग केल्यावर पहिले दोन दिवस शाम्पू नको. नंतर आठवड्यातून दोनदा सल्फेट नसलेल्या शाम्पूने धुवा, दर वेळी कंडिशनर लावा. पाणी जड असेल तर क्षार साचून कुठलीही शेड मातकट दिसते. अशा वेळी लगेच नवा रंग चढवू नका. आधी एकदा क्लॅरिफाइंग (केसांवर साचलेलं काढणाऱ्या) शाम्पूने धुवा, केस पूर्ण वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. बऱ्याचदा मूळ शेड खाली शाबूत असते. तरीही फिकी वाटली, तर त्याच टोनचा ग्लॉस मागा.