तरुण सूर्य अभ्यासताय? या चुका टाळा

सूर्य पन्नास-साठ कोटी वर्षांचा असताना कसा होता, हे बघायला मागे जाता येत नाही. पण त्या वयाचे, त्याच्याच वस्तुमानाचे काही तारे आपल्या शेजारी आहेत. तिमिंगल तारकासमूहातला कॅपा-१ सेटी हा त्यातला माझा सगळ्यात लाडका. अंतर सुमारे ३० प्रकाशवर्षं, तेजाची प्रत ४.८, म्हणजे अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. वस्तुमान जवळपास सूर्याएवढं, त्रिज्या सूर्याच्या ९५ टक्क्यांच्या आसपास. सूर्याला विषुववृत्तावर एका फेरीला २५ दिवस लागतात, हा साधारण नऊ दिवसांत गिरकी घेतो.

ताऱ्यांचं तेज सतत मोजून ग्रह शोधणाऱ्या नासाच्या टेस उपग्रहाचा डेटा कुणालाही विनामूल्य मिळतो. त्यामुळे अशा ताऱ्यांवर हौशी मंडळीही काम करू लागली आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण तपासायला येणाऱ्या आलेखांत त्याच त्या चुका बघून जीव थकतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो आहे.

निम्मा आवर्तनकाल

ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते आणि ती मी स्वतः केली आहे.

तरुण ताऱ्यावर मोठे डाग असतात. तारा फिरतो, डाग समोर येतो, तेज थोडं उतरतं. डाग पलीकडे गेला की पुन्हा चढतं. या चढउतारावरून फिरण्याचा काळ काढायचा. आता समजा, ताऱ्याच्या समोरासमोरच्या बाजूंवर एकेक डाग आहे. एका फेरीत तेज दोनदा उतरणार. संगणक पिरिओडोग्रॅम, म्हणजे कोणता काळ किती ठळकपणे परत परत येतो याचा आलेख, काढतो, सर्वात उंच शिखराकडे बोट दाखवतो, आणि ते शिखर असतं निम्म्या काळाचं.

माझा तारा आठव्या प्रतीचा, सूर्यासारखा, टेसच्या एकाच सेक्टरमधला. सेक्टर म्हणजे सुमारे २७ दिवसांचे सलग वेध, मध्ये डेटा खाली पाठवताना पडलेला खंड. शिखर ३.९ दिवसांवर आलं, इतकं स्वच्छ की मी दुसरीकडे पाहिलंच नाही. १९७२ साली अँड्र्यू स्कुमानिच यांनी दाखवलं होतं की असे तारे वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मंदावतात. त्या हिशेबाने माझा तारा कृत्तिकांच्या वयाचा, म्हणजे बारा-तेरा कोटी वर्षांचा निघाला. मी लेख लिहिला, आकृत्या काढल्या, चार जाणत्या लोकांना पाठवला. त्यातल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला: वर्णपटातल्या रेषा किती रुंद आहेत?

तारा जितका वेगाने फिरतो तितक्या त्या रेषा रुंद होतात. मी ते बघितलंच नव्हतं. हिशेब अगदी साधा आहे. ५०.६ ला ताऱ्याच्या त्रिज्येने (सूर्याच्या पटीत) गुणा आणि दिवसांनी भागा. विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये मिळतो. ३.९ दिवसांना तेरा किलोमीटर यायला हवे होते. आधीच प्रसिद्ध असलेल्या वर्णपटावरून वेग सहाच्या आसपास होता. तारा ध्रुवाकडून तिरका दिसत असेल तर वेग कमी भरतो, अशी मी स्वतःची समजूत घालून बघितली; पण इतका तिरका तारा तेजात एवढा चढउतार दाखवेल हे पटेना. पुढे त्याच ताऱ्याचा दुसरा सेक्टर आला. तोवर एक डाग विरला होता आणि आलेखात एकच खोल खळगा उरला होता, दर ७.८ दिवसांनी.

काळ दुप्पट झाला की वय चौपट होतं. माझा तारा कृत्तिकांच्या नव्हे, रोहिणीच्या पुंजाच्या (साठ-पासष्ट कोटी वर्षं) वयाजवळचा होता, पन्नास कोटी वर्षांच्या आसपासचा. आकाशात कृत्तिका आणि रोहिणी यांत हात लांब करून धरलेल्या दीड मुठीचं अंतर. दोन पुंजांच्या वयात मात्र पन्नास कोटी वर्षांचं. आणि वाईट याचं वाटतं की पुरावा पहिल्याच आलेखात होता. खळगे एकाआड एक खोल आणि उथळ होते.

तेव्हापासून माझी सवय अशी: कुठलाही प्रोग्रॅम चालवण्याआधी आलेख कागदावर छापतो आणि खळग्यांना पेन्सिलीने एक, दोन, एक, दोन असे आकडे घालतो. मग मिळालेल्या काळावर आणि त्याच्या दुपटीवर, दोन्हींवर घडी घालून बघतो, म्हणजे आलेखाचे तेवढ्या काळाचे तुकडे करून एकावर एक ठेवतो. दुपटीच्या घडीत दोन खळगे वेगळ्या आकाराचे दिसले, तर दुप्पट काळच खरा धरतो. याला दहा मिनिटं लागतात. हल्ली लोक पन्नास तारे एका फटक्यात प्रोग्रॅममधून काढतात आणि पन्नासच्या पन्नास आकडे जसेच्या तसे खाली मांडतात. एकही आलेख डोळ्यांनी न बघता काढलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

चार दशांश स्थळं

"आवर्तनकाल ९.२१४३ दिवस." असं लिहून येतं तेव्हा लिहिणाऱ्याने तारा काय आहे हे समजून घेतलेलं नसतं. तारा घन गोळा नाही. वेगवेगळ्या अक्षांशांवर तो वेगवेगळ्या वेगाने फिरतो. कॅनडाच्या मोस्ट उपग्रहाने २००३, २००४ आणि २००५ मध्ये कॅपा-१ सेटीचे वेध घेतले, तेव्हा त्याच्या डागांचे काळ सुमारे ८.३ पासून ९.३ दिवसांपर्यंत पसरलेले निघाले. तुम्ही मोजता तो त्या महिन्यात, त्या अक्षांशावर असलेल्या डागाचा काळ. एक दशांश स्थळ पुरे.

साफ केलेला डेटा डोळे मिटून वापरणं

ग्रह शोधणाऱ्यांना ताऱ्याचा स्वतःचा चढउतार नको असतो, म्हणून त्यांची साधनं आलेख सपाट करतात. तुम्हाला नेमका तोच चढउतार हवा आहे. सपाट करण्याची पायरी वगळा, आणि दुरुस्त केलेल्या आलेखाशेजारी कच्चा आलेख ठेवून बघा. वेगळे पडलेले बिंदू आपोआप छाटण्याची पायरीही वगळा. तरुण ताऱ्यांवर ज्वाला उसळतात आणि त्या याच बिंदूंत असतात. कालेय तारकासमूहातल्या ईके ड्रॅकोनिस या तरुण सूर्यावर एप्रिल २०२० मध्ये टेसने महाज्वाला टिपली. त्याच वेळी जमिनीवरच्या दुर्बिणीतून तिच्या मागोमाग उफाळलेलं द्रव्यही दिसलं. छाटणी लावली असती तर तो आलेख फार नीटनेटका दिसला असता.

एकाच पुराव्यावर वय

ताऱ्यातलं लिथियम वयाबरोबर घटतं, म्हणून त्यावरूनही वय काढतात. त्याची वर्णपटातली ६७०.८ नॅनोमीटरची रेषा बघताना तिला चिकटून लोहाची बारीक रेषा असते, ती वजा करा. ताऱ्याची सक्रियता दाखवणाऱ्या कॅल्शियमच्या एच आणि के रेषा एकाच रात्री मोजून वय काढू नका. डाग फिरतात, सक्रियतेची चक्रं चालतात, आकडा हलतो. फिरण्यावरून वय काढताना तारा दहा कोटी वर्षांहून लहान असेल तर थांबा, कारण त्या वयात सगळ्यांचा वेग अजून एका रेषेत आलेला नसतो. कॅपा-१ सेटीसारख्या इतक्या जवळच्या, इतक्या अभ्यासलेल्या ताऱ्याचं वयसुद्धा चाळीस कोटींपासून पंच्याहत्तर कोटींपर्यंत सांगितलं जातं. तुमच्या नव्या ताऱ्याचं वय "५१.२ कोटी वर्षं" असं लिहू नका.

तरुण म्हणजे जास्त तेजस्वी

नाही. सूर्य जन्मला तेव्हा आजच्या सुमारे ७० टक्केच तेजस्वी होता. कॅपा-१ सेटी आजही सूर्याहून थोडा मंदच आहे. जास्त असतात ते अतिनील आणि क्ष-किरण, डाग, ज्वाला आणि ताऱ्यातून बाहेर वाहणाऱ्या कणांचा वारा. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी सूर्याचा क्ष-किरण आणि अतिनील मारा आजच्या सहापट असावा, असं अशा ताऱ्यांच्या वेधांवरून काढलेलं आहे. कॅपा-१ सेटीवरून दर सेकंदाला उडून जाणारं द्रव्य सूर्याच्या सुमारे ५० पट असल्याचा अंदाज २०१६ मध्ये त्याच्या चुंबकीय नकाशावरून मांडला गेला. "तेजस्वी" असा एकच शब्द वापरून हे सगळं एकत्र कालवलं की पुढचा हिशेब चुकलाच म्हणून समजा. कोणत्या तरंगलांबीत, ते दर वेळी लिहा.

यातलीच एक बारीक चूक: सूर्य डागांच्या कमाल काळात किंचित उजळ होतो, कारण डागांभोवतीचे तेजस्वी पट्टे डागांवर मात करतात. तरुण ताऱ्यात डागांचीच सरशी होते, आणि तारा सक्रिय असतो तेव्हा मंद दिसतो. सूर्याचा नियम जसाच्या तसा लावू नका.

डागाला ग्रह समजणं

एचडी १६६४३५ या तरुण ताऱ्याचा अरीय वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) दर ३.८ दिवसांनी सुबकपणे मागेपुढे होत होता, अगदी जवळून फिरणाऱ्या मोठ्या ग्रहासारखा. २००१ मध्ये डिडिए केलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथे ग्रह नाही. ताऱ्याचं तेजही त्याच काळाने बदलत होतं, आणि वेगाबरोबर वर्णरेषांचा आकारही वाकत होता. केलो हे सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह शोधणाऱ्या दोघांपैकी एक. त्यांनी घाई केली नाही, तर आपण कशाला करायची? वेगाचा आणि तेजाचा काळ एकच निघाला की मी ग्रहाचा विषय तिथेच थांबवतो आणि रेषांचे आकार मागवतो.

शेजाऱ्याचे वेध

कॅपा-२ सेटी हा आकाशात कॅपा-१ च्या बाजूलाच दिसतो, पण तो कितीतरी पट दूरचा राक्षसी तारा आहे. ग्रीक अक्षराने शोध घेतलात तर चुकीची फाइल उतरवून घ्याल. यादीतून एचडी २०६३० या क्रमांकाने शोधा. आणि हा तारा दर वर्षी पाव विकलेहून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) थोडा जास्त सरकतो, तेव्हा जुने निर्देशांक वापरत असाल तर आधी ते चालू वर्षाचे करून घ्या.