जुलै-ऑगस्टमध्ये वॉलआय कसा पकडायचा (मिल लॅक्स लेकवरचा अनुभव)

मिनेसोटात राहायला आलं आणि गळाचा नाद लागला की वॉलआय पकडल्याशिवाय चैन पडत नाही, 1965 पासून राज्याचा अधिकृत मासाच आहे तो. मे महिन्यात उथळ पाण्यात बऱ्यापैकी मिळतो, पण जुलै लागला की सगळे विचारतात मासे गेले कुठे? तर कुठे जात नाहीत, खोल जातात आणि उजेड टाळतात. उन्हाळ्यात आमिषापेक्षा वेळ आणि खोली महत्त्वाची, हे मी सगळ्यात आधी सांगेन.

वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, त्यामुळे मंद उजेडात त्याला पर्चसारख्या छोट्या माशांपेक्षा जास्त चांगलं दिसतं, आणि शिकारीची वेळही तीच. म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधी बोट पाण्यात टाका आणि अंधार पडल्यावर लगेच परतू नका, खरी मजा तेव्हाच सुरू होते. मिल लॅक्समध्ये झेब्रा मसल (बाहेरून आलेले छोटे शिंपले) आल्यापासून पाणी खूप स्वच्छ झालंय, उजेड खोलवर जातो, त्यामुळे इथे तर रात्रीच जास्त भरवसा. दिवसाच जायचं असेल तर वारा असलेला किंवा ढगाळ दिवस निवडा, लाटांनी पाण्यातला उजेड फुटतो आणि मासा बिनधास्त फिरतो. पण हे तळं साधारण दोनशे चौरस मैलांचं आणि उथळ आहे, वारा वाढला की लाटा फार पटकन उठतात, लाइफ जॅकेट घालूनच बसा.

आता जागा. तळ्याच्या उत्तर भागात खोल पाण्यात मधेच गाळाची पठारं वर आलेली आहेत, त्यांना मड फ्लॅट म्हणतात. त्या गाळातून जून-जुलैत मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या बाहेर पडतात आणि वॉलआय त्या खायला तिथे जमतात. पठाराच्या मधोमध नाही, कडेला शोधा, जिथे डेप्थ फाइंडरवर (पाण्याची खोली दाखवणारं यंत्र) तळ एकदम खाली जाताना दिसतो. संध्याकाळी मात्र दगडी उंचवटे आणि पाणवनस्पतींची बाहेरची कड बघा, तेव्हा मासे उथळाकडे सरकतात.

आमिष म्हणून उन्हाळ्यात जळू सगळ्यात भारी, दुसरा नंबर गांडुळाचा. जळू जिथे चिकटते त्या जाड टोकातून गळ घाला म्हणजे ती पाण्यात नीट पोहते. बाकी मांडणी अशी की दोरीत सरकणारं शिसं ओवायचं, त्याखाली स्विव्हल (गोल फिरणारी छोटी कडी), मग पाचेक फुटांचा पातळ फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाआधीचा दोरीचा वेगळा तुकडा, आणि 6 नंबरचा छोटा गळ. शिसं तळाला टेकत राहील एवढ्याच वेगात बोट वाऱ्यावर वाहू द्या, तासाला एक मैलाच्या आत. चावा म्हणजे झटका नसतो, दोरी थोडी जड वाटते एवढंच. तेव्हा रीलची बेल (दोरी अडवणारी तार) उघडून दोरी सोडा, चार-पाच आकडे मोजा, मग सैल दोरी गुंडाळून रॉड सावकाश मागे ओढा. पहिल्या उन्हाळ्यात मी प्रत्येक चाव्याला जोरात झटका मारायचो आणि जळू तेवढी परत यायची.

रात्री दगडांवर नांगर टाकून बसायचं असेल तर सरकता बोया (दोरीवर सरकणारं तरंगतं) बेस्ट, वर उजेडाची छोटी कांडी लावता येते, बोया जिथे थांबायला हवा तिथे दोरीवर स्टॉपची गाठ अशी बांधा की जळू तळापासून फूटभर वर राहील. मासे कुठे आहेत तेच कळत नसेल तर क्रँकबेट (माशाच्या आकाराचं खोटं आमिष) ट्रोल करा, म्हणजे चालत्या बोटीमागे ओढा, ताशी दोन मैलांच्या आसपास, भरपूर पाणी झटपट तपासून होतं.

एक मनापासून सांगतो, कोमट पाण्यात सोडलेले मासे जास्त मरतात. गळ घशात गेला असेल तर उपटू नका, दोरी जवळून कापा आणि मासा लगेच पाण्यात सोडा, फोटो राहिला तरी चालेल. किती आणि केवढे मासे ठेवता येतात हे मिल लॅक्ससाठी वेगळं असतं आणि बदलतं, म्हणून निघायच्या आधी डीएनआरच्या (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) साइटवर बघा, लायसन्सही तिथेच मिळतं. आणि परत येताना बोटीचं ड्रेन प्लग काढून सगळं पाणी रँपवरच (बोट पाण्यात उतरवायचा उतार) रिकामं करा, तो कायदाच आहे, नाहीतर त्या झेब्रा मसलच्या अळ्या आपणच दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतो.