भट्टीचं मॉडेल बिलाशी जुळलं म्हणजे बरोबर आलं? या चुका टाळा

जालन्यात इंडक्शन भट्टीवर (विजेने धातू वितळवणारी भट्टी) बिलेट, म्हणजे पोलादाचे चौकोनी लांब ठोकळे, काढणारे कारखाने बरेच आहेत. अशा कारखान्याचं ऊर्जा आणि कार्बनचं मॉडेल करायला बसलं की पहिली चूक बहुधा पहिल्याच दिवशी होते. महिन्याचं वीजबिल घ्यायचं, बिलेटच्या टनांनी भागायचं आणि उत्तर जुळेपर्यंत भट्टीची कार्यक्षमता कमी-जास्त करत राहायचं. आकडा जुळतोही. मग भट्टीत टाकायच्या मालात स्पंज आयर्न (लोहखनिजातला ऑक्सिजन काढून बनवलेलं लोखंड) 40 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेऊन पाहा, अंदाज कोलमडतो.

बिलात एकटी भट्टी नसते. पंप, क्रेन, धूर ओढणारे पंखे, सीसीएम (पातळ पोलादाचे सलग बिलेट ओतणारं यंत्र) सगळे त्यात असतात आणि त्यांची वीज भट्टीच्या नावावर चढते. म्हणून भट्टीच्या पॅनलचं रीडिंग वेगळं घ्या. थंड स्क्रॅप वितळवून 1600 अंशांपर्यंत न्यायला टनाला साधारण 380 ते 390 युनिट लागतातच. हा आकडा जुळवाजुळवीसाठी हलवू नका. शोधायचं ते त्याच्या वरचं: स्पंजमधला ऑक्सिजन न निघालेला लोहऑक्साइड, स्लॅग (वर तरंगणारी मळी), भट्टीचं उघडं तोंड, आणि थांबलेला वेळ.

थांबलेला वेळ सगळ्यात जास्त निसटतो. माझ्यासमोर आलेल्या एका हीट शीटवर (भट्टीच्या एका खेपेची, म्हणजे हीटची, नोंद) चार्जिंगपासून टॅपिंगपर्यंत, म्हणजे माल भरण्यापासून पोलाद ओतून काढेपर्यंत, सगळं नीट भरलेलं होतं, फक्त शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलनं लिहिलं होतं: ‘सीसीएम बंद, 35 मि.’ लॅडलचं (पातळ पोलाद नेणारी बादली) नोझल जाम झालं होतं. तेवढा वेळ भट्टी वीज खात होती ती पातळ पोलाद नुसतं गरम ठेवायला. मासिक सरासरीत ही ओळ कुठेच दिसत नाही. मॉडेल हीटनिहाय करा, आणि नव्या लायनिंगची सिंटरिंग हीट (भट्टीचं नवं अस्तर भाजून पक्कं करणारी खेप) वेगळी काढा, ती नेहमीच्या हीटमध्ये मिसळली की सगळंच बिघडतं.

आता कार्बन. टनाला 650 युनिट धरले आणि ग्रिडच्या विजेचे युनिटला सुमारे 0.7 किलो, तर 455 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. अनेक जण इथेच थांबतात, आणि ते मला खरोखर खटकतं. कोळशावरचा स्पंज बाहेरून विकत आला म्हणून त्याचं उत्सर्जन शून्य होत नाही. एक टन स्पंज बनताना एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. भट्टीत टाकलेल्या मालात निम्मा स्पंज असेल तर त्याचं उत्सर्जन विजेच्याही पुढे जातं. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली, तयार पोलादाच्या टनाला 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन. त्या हिशेबात विकत घेतलेल्या कच्च्या मालाचं उत्सर्जनही धरावं लागतं.

रिहीटिंग भट्टीच्या (रोलिंगआधी बिलेट पुन्हा तापवणारी) कोळशाचं उष्मांक मूल्य प्रयोगशाळा ढोबळ (ग्रॉस, म्हणजे वाफेतली उष्णता धरून) देते, तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचे उत्सर्जन गुणांक निव्वळ (नेट, ती उष्णता वगळून) मूल्यावर असतात. दोन्ही एकत्र गुणू नका. बिलेट गरमागरम थेट रोलिंगला जात असेल, तर हे इंधन मॉडेलमधून काढूनच टाका.

शेवटी, एका महिन्याच्या हीट शीट आधीच बाजूला ठेवा, शक्यतो स्पंजचं प्रमाण बदललेल्या महिन्याच्या. एकही आकडा न हलवता मॉडेल त्यावर चालवा आणि प्रत्येक हीटची चूक लिहून काढा.