गिअरबॉक्स बदलताना तेलाच्या तापमानाचा सेन्सर: बॉक्स गाडीखाली जाण्याआधीची तयारी

ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचं ठरलं असेल, तर सेन्सरचा विचार बॉक्स बाकावर असतानाच करा. तेव्हा त्याच्या पोटात टॉर्च मारून बघता येतं, आटे पाडता येतात, कीस धुऊन काढता येतो. एकदा तो इंजिनाला लागला आणि खाली क्रॉस मेंबर, प्रॉपेलर शाफ्ट, सायलेन्सर चढला, की पाठीवर पडून ड्रिल चालवायची वेळ येते आणि कीस सरळ गिअरांवर पडतो.

त्याच्याही आधी कागदांचं बघा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. बॉक्सचे पैसे मोजण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या.

मॅन्युअलला सेन्सर कशाला, असं मला बरेच जण विचारतात. ऑटोमॅटिकचं तेल नळ्यांतून रेडिएटरकडे जाऊन थंड होऊन परत येतं. साध्या मॅन्युअल बॉक्सला ती सोय नसते, त्याची उष्णता फक्त बॉडीवाटे वाऱ्यावर जाते. आता मे महिना धरा. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात, गाडीत माल, आणि चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात गाड्यांच्या रांगेमागे दुसऱ्या गिअरमध्ये चढण. वारा नाही आणि गिअरांवर जोर पुरा. अशा वेळी तेल किती तापलं हे कळलंच पाहिजे. खनिज तेल बराच वेळ 120 अंशांच्या वर राहिलं तर लवकर काळं पडतं, आणि तेल काळं पडून वास यायला लागल्यावर जे कळतं ते उशिरा कळतं.

सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे घ्या. आतला थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग) तापला की त्याचा रोध कमी होतो, पण किती कमी होतो हे प्रत्येक बनावटीत वेगळं. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध 20 अंशांना सुमारे 2500 ओहम आणि 100 अंशांना सुमारे 186 ओहम असतो. दुसऱ्या मापाचं मीटर त्याला जोडलं तर काटा हलेल, पण खोटं सांगेल. जुन्या ऑटोमॅटिकचा सेन्सर काढून इकडे लावू असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. बहुतेक बॉक्समध्ये तो आत, तेलाच्या वाटा उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीजवळ असतो, बाहेरून आट्यात बसवायच्या घडणीचाच नसतो.

जागा ठरवायला सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या पहिल्या कामात मी सेन्सर फिलर प्लगमध्ये, म्हणजे तेल भरायच्या भोकाच्या बुचात, बसवला होता, कारण तिथे आटे तयार होते. सपाट रस्त्यावर आकडा बरा यायचा. घाटात चढताना तेल बॉक्सच्या मागच्या अंगाला गेलं, सेन्सरचं टोक उघडं पडलं आणि मीटर हवेचं तापमान दाखवत राहिलं. मालक निर्धास्त चढत गेला. तेल काढलं तेव्हा ते जळकट निघालं. तो बॉक्स वाचला, पण तेव्हापासून मी टोक चढावरसुद्धा तेलात बुडालेलं राहील अशीच जागा शोधतो.

ड्रेन प्लगची, म्हणजे तळाला तेल काढायच्या बुचाची, जागा तेलाच्या दृष्टीने उत्तम, पण रावेर-यावलकडे केळीच्या बागेत गाडी घालणाऱ्याने ती टाळावी. बांधावर बॉक्सचा तळ घासला की सेन्सर पहिला तुटतो आणि त्या भोकातून सगळं तेल जातं. शिवाय ड्रेन प्लगचं लोहचुंबक सेन्सरसाठी काढलं तर लोखंडाचा कीस धरणारं काही उरत नाही. माझी पसंती बाजूच्या झाकणाला, जिथे पीटीओ (बॉक्समधून बाहेरच्या यंत्राला ताकद देणारा जोड) बसतो त्या आंधळ्या झाकणाला. झाकण सुटं निघतं, एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेता येतं, आणि बिघडलंच तर नवीन करता येतं. मूळ बॉडीला भोक पाडणं हा शेवटचा उपाय. अ‍ॅल्युमिनियमची भिंत पातळ असेल तर आटे धरतच नाहीत.

मग आट्यांचं माप पक्कं करा. एम12 बाय 1.5 चा (12 मिमी जाडीचा, आट्यांत 1.5 मिमी अंतराचा) सेन्सर असेल तर 10.5 मिमीचं ड्रिल, आणि तो कॉपर वॉशरवर बसतो. 1/8 एनपीटी (अमेरिकन पाइपाच्या आट्यांचं माप) असेल तर आटे निमुळते असतात, वॉशर लागत नाही, आट्यांवरच गळती थांबते. तिथे टॅप (आटे पाडायचं हत्यार) पूर्ण आत घालू नका, मधूनमधून सेन्सर लावून बघा. दोन्ही मापं दिसायला जवळची आहेत, म्हणून जबरदस्तीने चढवलेला सेन्सर मी दोनदा काढून दिला आहे. एका वायरचा सेन्सर बॉडीवाटे अर्थ घेतो. त्यावर टेफलॉन टेप भरपूर गुंडाळली तर अर्थ तुटू शकतो. थोडं थ्रेड सीलंट लावा आणि बसवल्यावर सेन्सरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटरने बघा.

टोक गिअरला लागत नाही याची खात्री मी मळलेल्या कणकेने करतो. टोकावर कणकेची गोळी चिकटवायची, झाकण लावायचं, रिव्हर्स धरून प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवायचा आणि झाकण काढून बघायचं. कणीक घासली गेली असेल तर सेन्सर आखूड घ्या. पाच-सहा मिलिमीटर मोकळे हवेत. नंतर कणकेचा कण राहणार नाही असं डिझेलने धुवा.

बसवण्याआधी सेन्सर पाण्यात तपासा, ही पायरी कोणी गाळू नये. गोळेवाल्याकडचा बर्फ फोडून पाण्यात घाला, नीट ढवळा, तिथे शून्याचा रोध मिळतो. मग पातेल्यात पाणी खळखळू द्या. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी 99 च्या आसपास उकळतं, चालून जातं. तोरणमाळला हेच केलंत तर पाणी साधारण 96 लाच उकळेल, तो फरक धरा. टोक पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. दोन्ही आकडे सेन्सरसोबतच्या कागदाशी जुळले तरच तो सेन्सर बॉक्सला लावा.

वायरिंग थोडक्यात. जुन्या ऑटोमॅटिकच्या कपलरला हात लावू नका, नवीन वायर वेगळी आणा, सायलेन्सरपासून लांब ठेवा, इंजिन हलतं तेवढी ढिलाई सोडा. मीटरची लाइन चावीवरून घ्या आणि तिला छोटा फ्यूज द्या. मुख्य कॉम्प्युटर अजून ऑटोमॅटिक शोधत असेल तर P0710 ते P0713 मधला एखादा बिघाडाचा कोड येईल, कारण त्याला जुना सेन्सर सापडत नाही. काही जण तिथे ठरावीक रोधाचा रेझिस्टर लावून त्याला गप्प करतात. मला ते पटत नाही. कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग मॅन्युअलचं करून घ्या. रिव्हर्सच्या दिव्याची आणि क्लच दाबल्यावर स्टार्ट होण्याची वायर त्याच फेरीत होऊन जाते.

तेल त्या बॉक्सच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्या. जीएल-4, जीएल-5 हे गिअर तेलाचे दर्जे. दुकानदार जीएल-5 जास्त चांगलं म्हणून हातात देतो, पण त्यातली गंधकाची रसायनं गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला खाऊ शकतात. जीएल-4 लिहिलं असेल तर जीएल-4. काही मॅन्युअल बॉक्सना तर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेलच लागतं. गाडी सपाट जागी उभी करून फिलरच्या कडेपर्यंत भरा.

गाडी रात्रभर उभी ठेवा. पहाटे चावी लावून मीटरचा आकडा आणि भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा जुळतो का बघा. जुळला तर मीटर, वायर आणि अर्थ तिन्ही ठीक आहेत. मग आधी रिकामी गाडी पाचोऱ्यापर्यंत न्या, आकडा कुठे स्थिरावतो ते वहीत लिहा. माल भरून घाट त्यानंतर. परत आल्यावर बॉक्सखाली कोरा पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी सेन्सरच्या बरोबर खाली डाग आहे का ते बघा.