आधी रक्त द्या, मग लाल इंजेक्शन घ्या: व्हिटॅमिनच्या तपासणीत या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडं हातापायाला मुंग्या आल्या, गळून गेल्यासारखं वाटलं की आधी बी-१२चं लाल इंजेक्शन घेतलं जातं. चार-सहा इंजेक्शनांनीही फरक पडला नाही, तर मग बेळगावला जाऊन तपासणी. हा क्रमच उलटा आहे. इंजेक्शननंतर रक्तातला आकडा भरमसाट चढतो. मूळची कमतरता किती होती, मुळात होती की नव्हती, हे त्या रिपोर्टवरून कळत नाही. माळकरी आणि जैन घरांतली माणसं, वर्षानुवर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणारे, यांच्यात बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून यांनी तर रक्त आधीच द्यावं. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्याही मनानं सुरू करू नका. त्यानं हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी-१२ कमी असेल तर नसांची हानी आतून चालूच राहते.

हिमोग्लोबिन १२ आलं म्हणजे लोह भरपूर, असंही नाही. शरीरातला लोहाचा साठा रक्तातल्या फेरिटिन या प्रथिनावरून कळतो. मोठ्या माणसांत फेरिटिन १५ नॅनोग्रॅमच्या खाली गेलं की लोहाची कमतरता धरतात. मात्र ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं चढतं, म्हणून आजार उतरल्यावर तपासा. लोहाची तपासणी असेल तर त्या सकाळची लोहाची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा.

व्हिटॅमिन डीसाठी २५-हायड्रॉक्सी हीच तपासणी लागते. रिपोर्टमध्ये आकड्याशेजारचं एककही बघा: एका लॅबचे २० नॅनोग्रॅम म्हणजे दुसरीकडचे ५० नॅनोमोल. जुन्या रिपोर्टशी ताडताना इथंच घोळ होतो. ६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतली तर कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम सांगा. औषध सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, महिन्याभरात नको.

उपाशीपोटी बोलावलं असलं तरी पाणी प्या, शीर लवकर सापडते.

केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. त्याचा डोस मोठा असेल तर थायरॉईड, डी, फेरिटिन यांचे आकडे चुकू शकतात. डॉक्टरांना विचारून त्या गोळ्या तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. आणि कन्नड येत नाही म्हणून काउंटरवर गप्प राहू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि रक्त काढण्याआधी समोर ठेवा.